टेबलाखाली नवरी

बेबीचं लग्न बाराला होतं आणि साडेनऊला कॉम्प्युटरनं मान टाकली.

आता लग्न म्हणजे काही वाजतगाजत वगैरे नव्हे. नोंदणी कार्यालयात जायचं, सह्या ठोकायच्या, बाहेर यायचं. नवरी एक्केचाळीस वर्षांची, नवरा सेहेचाळीसचा, दोघांनाही मिरवायची हौस नव्हती. पण त्या कार्यालयाला छापील पावती लागायची, नंबर आणि वेळ घातलेली. पावती नाही तर आत प्रवेश नाही, आणि पुढची तारीख थेट दोन महिन्यांनी. तोवर थांबणार कोण? नवरा लिफ्टचा मेकॅनिक. परवा सकाळच्या गाडीनं तो दुसऱ्या शहरात निघणार होता, एका नव्या उंच इमारतीत लिफ्ट बसवायला, चांगला दहा महिन्यांसाठी. कंपनी तिथे दोन खोल्यांचं घर देत होती, पण लग्नाचा दाखला दाखवला तरच. नाहीतर एका खोलीत सहा मेकॅनिक. म्हणजे आज पावती छापली तर बेबी परवा त्याच्याबरोबर गाडीत, नाही छापली तर दहा महिने फोनवर गप्पा.

आणि पावती होती कॉम्प्युटरच्या पोटात.

"अरे, मग मेल फोनवर उघडा की," असं कुणीही म्हणेल. काकांनी म्हटलंच. काका म्हणजे मावशीचे यजमान; दोघं एरवी आपल्या घरी, लग्नासाठी कालपासून इथे मुक्कामाला. पण अर्ज इथेच बसून भरला होता मावशीनं. बेबीची आई गेल्यापासून या घरातलं प्रत्येक कार्य मावशी अंगावर घ्यायची, आणि या कार्यासाठी तर तिनं खास नवा मेल काढला होता. त्याचा पासवर्ड काय, असं विचारल्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "मला कशाला माहीत असेल? कॉम्प्युटरला माहीत आहे. तो आपला आपण भरतो."

"लिहून नाही ठेवलास?" बेबीनं विचारलं.

"ठेवलाय ना. कॉम्प्युटरमध्येच."

बेबीला खरं तर मावशीचा राग यायला हवा होता, पण तिला हसूच फुटलं. गेले आठ दिवस तिचं हे असंच चाललं होतं. दाताच्या कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये तिची वीस वर्षं नोकरी झाली होती, हात असा स्थिर की साहेब लांबून बघत राहायचे. पण गेल्या आठवड्यात तिनं एका आजोबांच्या कवळीचे दात आजींच्या साच्यात बसवले आणि वर ते बघून पोट धरून हसली. पाय जमिनीवर नव्हते बाईचे. या वयात हे असलं काही होईल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं, त्यामुळे झालं ते सगळं एकदमच झालं.

मावशीनं बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, पंख्याची घरघर नाही. मावशीनं डब्याच्या डोक्यावर एक चापट दिली, मग माया लावून कुरवाळलं, मग पुन्हा चापट.

"व्हायरस आहे," काका म्हणाले. काकांचं कॉम्प्युटरविषयीचं सगळं ज्ञान या एका शब्दात मावायचं.

एवढ्यात प्रत्येकाला एकेक करून तोच विचार सुचला आणि तो प्रत्येकानं गुपचूप अमलात आणला. भिंतीवरचं बटण बंद असेल म्हणून काकांनी जाता जाता ते खटकन दाबलं. दोन मिनिटांनी मावशीनं, आपल्यालाच सुचलं अशा ऐटीत, ते पुन्हा दाबलं. बेबीनं सगळ्यांच्या चहाचं पाणी ठेवायला जाताना दाबलं. आता ते बटण चालू आहे की बंद, हे तिघांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, आणि तिघांचीही ठाम समजूत होती की आपण ते चालू केलंय.

पावणेदहाला बाबा न्हाव्याकडून परत आले, गुळगुळीत दाढी करून, मानेला पावडरचे पांढरे डाग घेऊन. बाबा चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर होते. दारोदार जाऊन आकडे टिपायचे. विजेच्या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. त्यांनी खोलीवर एक नजर टाकली आणि म्हणाले, "कुणीही कशाला हात लावायचा नाही. काका, तुम्ही तर खिशातच घाला हात."

भिंतीच्या सॉकेटला त्यांनी टेबललॅम्प लावून पाहिला. लागला. "वीज आहे," त्यांनी निकाल दिला. "पुढचं मला कळत नाही. त्या डब्याच्या आत काय आहे ते त्याच्या बनवणाऱ्यालाच ठाऊक."

दहा वाजले. बेबीनं पहिल्यांदा घड्याळाकडे नीट पाहिलं. हसू होतंच, पण त्याच्या खाली आता काहीतरी थंडगार बसलं होतं. कार्यालय तासाभराच्या वाटेवर. अकराला निघायलाच हवं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, दणकाच. दार उघडलं तर बाहेर नवरदेव, नवाकोरा शर्ट, घामानं डबडबलेला.

"दहा मिनिटं बेल दाबतोय," तो म्हणाला. "मला वाटलं, विचार बदलला तुम्ही लोकांनी."

"बघा," काका म्हणाले, "बेलपर्यंत पोचला व्हायरस."

नवरदेवाला घरात सगळे लिफ्टवालाच म्हणत, मावशी तेवढी आतापासून जावईबापू. बेबीच्या लॅबची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली आणि आत बेबी एकटी अडकली, तेव्हा याची ओळख झाली. वरून हा बोलत राहिला, खालून ती. लिफ्ट सुरू झाल्यावर ती म्हणाली होती, "एवढी घाई कशाला केलीत?" ते ऐकून हा गडी तिथेच आडवा झाला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. घाबरला असेल, पण दाखवलं नाही. उलट बाह्या सरसावल्या.

"लिफ्ट बंद पडली की लोक बटणं बडवतात," तो म्हणाला. "आम्ही बडवत नाही. आम्ही वीज जिथून निघते तिथून तिच्या मागे मागे चालायला लागतो. जिथे ती थांबते तिथे आपण थांबायचं. मधली एक पायरी गाळायची नाही."

"सव्वादहा झालेत," मावशी म्हणाली.

"म्हणूनच गाळायची नाही."

पंचाईत अशी, की सुतारानं ते टेबल भिंतीत बसवलेलं, आणि डबा खाली एका अरुंद कप्प्यात, पाठ भिंतीकडे करून. लिफ्टवाल्यानं डोकं घातलं, खांदे अडकले. मागे ओढून काढायला काका आणि बाबा दोघे लागले. नव्या शर्टाचं एक बटण कुठे उडालं ते उडालंच.

"सरक," बेबी म्हणाली. आणि लग्नाचे कपडे, केसातली पिन, कानातले झुलते डूल, सगळ्यासकट ती टेबलाखाली शिरली. बाहेर फक्त तळवे दिसत होते. मावशीनं कपाळावर हात मारून घेतला.

"काय दिसतंय?" लिफ्टवाला बाहेर पालथा पडून विचारत होता.

"तू दिसत नाहीस, एवढंच बरं आहे."

"बेबी, नीट सांग. भिंतीतून वीज आली. मग?"

"मग बोर्ड. त्याचा लाल दिवा लागलाय."

"छान. बोर्डातून दोन केबल निघतात. मॉनिटरची काढ आणि डब्याला लाव."

तिनं लावली. मावशीनं वरून बटण दाबलं. ढिम्म.

"म्हणजे केबल चांगली आहे," लिफ्टवाला खुशीत म्हणाला. याला प्रत्येक अपयशाचा आनंदच होत होता. "वीज डब्याच्या दारापर्यंत आली. आता दार बघ. केबल जिथे आत शिरते, तिथे शेजारी काय आहे?"

अंधार होता. बेबीनं बोटानं चाचपलं. खरखरीत पत्रा, पंख्याची जाळी, केबलचं तोंड, आणि त्याच्या वर एक बारकं काळं बटण, एका बाजूला कललेलं.

तिचं बोट त्या बटणावर थांबलं आणि तिचं हसू एकदम गेलं.

हे बोट आज इथे आधी येऊन गेलं होतं. पहाटे पाचला. झोप लागेना म्हणून ती उठली होती, आणि आनंदाच्या भरात गुणगुणत घरभर फिरली होती. बाबांनी लहानपणापासून लावलेली शिस्त होती ती, मीटर रीडरच्या घरची: एका रात्रीपेक्षा जास्त बाहेर राहायचं असेल तर घर मुळापासून बंद करायचं. नुसतं भिंतीवरचं बटण नव्हे. प्लग काढायचे, मागची बटणंसुद्धा बंद करायची. वर्षानुवर्षं निघताना हे काम बेबीकडे असायचं. आज तिनं ते केलं, कुणी न सांगता, मनाच्या कुठल्या कोपऱ्यातून ते आलं तेही न कळता. नंतर साफ विसरून गेली होती.

"बेबी?" बाहेरून आवाज आला. "सापडलं का काही?"

वायर सैल होती म्हणावं, असं तिला क्षणभर वाटलं. तिनं बटण दुसऱ्या बाजूला कलवलं. "दाब, मावशी."

डबा घुरघुरला. दिवा लागला. मावशीनं काकांना मिठी मारली, काकांनी चुकून लिफ्टवाल्याला. पासवर्ड आपला आपण भरला गेला, प्रिंटरनं एक कागद वाकडा खाल्ला आणि दुसरा सरळ बाहेर टाकला. दहा चाळीस. बेबी टेबलाखालून निघाली तेव्हा तिच्या केसात जळमट होतं आणि चेहरा उतरलेला होता.

"काय झालं होतं गं?" मावशीनं विचारलं.

बेबी सांगायला तोंड उघडणार, इतक्यात पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलेले काका ओरडले, "अहो, फ्रिजपण बंद आहे. खाली तळं झालंय." मावशी धावली. मग एकेक सापडत गेलं. गीझर बंद. रेडिओचा प्लग काढून वायर नीट गुंडाळलेली. पलंगाजवळचा बाबांचा दिवा बंद. बेलचं बटण बंद. सगळं कसं नीटनेटकं, एकाच हातानं केलेलं.

बाबा त्या गुंडाळलेल्या वायरकडे बघत उभे राहिले. अशी वायर गुंडाळायला त्यांनीच शिकवलं होतं. ते बेबीकडे वळले.

"घर बंद करून निघालीस होय," ते म्हणाले. "अगं, पण मी आत आहे ना अजून."

सगळे खो खो हसले. बाबा तर सगळ्यांत जास्त. बेबीपण हसली, आणि हसता हसता तिला स्वतःची इतकी शरम वाटली की कुठे बघावं कळेना. आठ दिवस ती नाचत होती, आणि या आठ दिवसांत परवापासून या घरात चहाचा एकच कप लागणार, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. नुसतं विसरणं वेगळं. तिनं तर बाबांच्या उशाचा दिवासुद्धा बंद करून ठेवला होता, जणू ते घरात राहतच नाहीत.

गाडीत मावशी आणि काका भांडत होते, व्हायरस होता की नव्हता यावर. बेबी खिडकीबाहेर बघत बसली. लिफ्टवाल्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या केसातलं जळमट काढून टाकलं.

नोंदणी कार्यालयात ते बारा वाजायला सहा मिनिटं असताना पोचले. टेबलामागच्या कारकुनानं पावती घेतली, नंबर जुळवला, फॉर्म पुढे ओढला. नावं झाली, वयं झाली. साक्षीदार म्हणून मावशी, काका आणि बाबा ओळीनं बसले होते.

"लग्नानंतरचा पत्ता?" कारकुनानं विचारलं.

कंपनीच्या घराचा पत्ता बेबीला तोंडपाठ होता. तिनं तो महिनाभर येता जाता मनातल्या मनात घोकला होता. तिनं तोंड उघडलं आणि बाबांच्या घराचा पत्ता सांगितला.

मावशीनं चमकून पाहिलं. लिफ्टवाल्यानं एकदा बाबांकडे पाहिलं. मग तो हळूच म्हणाला, "ती म्हणते तसं लिहा. दहा महिने काय, निघून जातील."

कारकुनानं पेन टेकवलं.

"थांबा," बाबा म्हणाले. "ते लिहू नका."

"साक्षीदारांनी मध्ये बोलायचं नसतं."

"मी तिचा बापपण आहे." बाबा उठून टेबलापाशी आले. बेबीकडे न बघता कारकुनालाच सांगू लागले, जणू तक्रार त्याच्याकडेच नोंदवायची आहे. "चौतीस वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो. घर बंद आहे की चालू, मला मीटरवरनं कळतं. आज निघताना माझं मीटर पाहून आलोय मी. फिरतंय. फ्रिज लावला, गीझर लावला, दिवा लावला, रेडिओसुद्धा लावलाय. हिनं बंद केलं ते हिचं होतं. ते बरोबरच केलं. माझं मी चालू करून घेतलंय."

"बाबा," बेबी म्हणाली. आणि तिला रडूच फुटलं.

"काय बाबा? रडतेस कशाला? फोटो काढायचाय अजून." आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचेही डोळे भरले होते, ते त्यांनी लपवले नाहीत. "आणि दहा महिने तू माझ्यासमोर तोंड पाडून बसणार. ते मला झेपायचं नाही. सांग त्यांना पत्ता."

कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं. बाराला एक मिनिट. "मग नक्की काय लिहू?"

बेबीनं पत्ता सांगितला, इमारतीच्या नावापासून खोलीच्या नंबरापर्यंत, एका दमात आणि इतक्या मोठ्यानं की बाहेर बाकावर बसलेल्या पुढच्या जोडप्यानं आत डोकावून पाहिलं. लिफ्टवाल्यानं लाजून मान खाली घातली. बाबा जागेवर जाऊन बसले आणि सही करायला काकांकडून पेन मागून घेतलं.