झिऱ्यातलं डालं

"आता सांगतो ते तुले खरं वाटनार नाही. साऱ्या धाड गावात कोनाले वाटनार नाही!" नदीच्या वाळूत खणलेल्या गुडघाभर झिऱ्यात उभा राहून मोतीराम म्हणाला.

त्याच्या वाडीतल्या भोपळ्यानं घरंगळत जाऊन एसटी अडवली होती, हे गावानं त्याच्याच तोंडून शंभरदा ऐकलं होतं. बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, रिकामा हंडा कमरेवर घेतला. "बोला लवकर. वांगे सुकून राह्यले."

मोतीरामचा जीव त्या हंड्यात अडकला होता. काल बुलढाण्याच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हिच्या काळजाला रक्त पुरवणारी नळी आतून अरुंद झाली आहे. कळ आली की जिभेखाली गोळी ठेवायची, ओझं उचलायचं नाही. १९६५ साल होतं; याउपर इलाज नाही, असं ते म्हणाले. आणि ही बाई सकाळपासून हंडे वाहत होती. बस म्हटलं तर म्हणे, "बसून का बरी होनार हाये मी?"

त्यानं बूड काढलेलं तुराट्यांचं डालं, तुरीच्या काड्यांची टोपलीच, झिऱ्यात दाबलं. ढासळणारी वाळू बाहेरच थांबली आणि मधे पाणी चढू लागलं. सांगायचं काय, ते तिथंच त्याला सुचलं.

"अस्सं डालं मुंबईचा डाक्तर नळीत बसवते. जिऱ्याएवढं!"

"घालते कुठून? छाती फाडून?"

"छाती काऊन? मांडीतल्या शिरंतून. मिटलेलं डालं, त्याच्या पोटात फुगा. जाग्यावर गेलं का फुगा फुगवते. डालं उमलते, नळी रुंद! फुगा काढून घेते, डालं तिथंच."

"आन् तुराट्या सडल्या म्हंजे?"

"येडी का काय! तारेचं असते. सोन्याच्या तारेचं."

"मंग तं चोर मारतीन मले," म्हणत ती हसली. किती दिवसांनी हसली. हंडा ठेवून वाळूवर टेकली. मोतीरामला चेव आला.

"सुगी झाली का जाऊ आपुन. तवरोक ओझं उचलाचं नाही. मंग तू पयत पयत अमडापूरले माहेरी जाशीन."

ती पाण्याकडे बघत राहिली. "बुलढाण्याचा डाक्तर सोता बोलला?"

"माह्या तोंडावर!"

"खोटं!" ती मोठ्यानं म्हणाली. "तुमी जिभेखालच्या गोया आनाले गेल्ते, तवा म्या बी इचारलं त्याले. पाया पडून इचारलं. मले बी तेच म्हने, इलाज नाही."