पाठीवरची बारीक ओळ

मी मोटारीतला टॅकोमीटर बोलतोय. गोल तोंड, आठ हजारांपर्यंत आकडे आणि एक काटा, एवढाच माझा पसारा. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते मी सांगतो. वेग सांगणारा तो दुसरा. लोक आमच्यात नेहमी गल्लत करतात. फेरे मला दिसत नाहीत बरं का. इंजिनात उडणाऱ्या ठिणग्या मोजायच्या आणि त्यावरून फेरे काढायचे, ही माझी रीत. एवढं लक्षात ठेवा, कारण माझं वाटोळं तिथंच झालं.

चौसष्ट साली मुंबईच्या जुन्या बाजारात उमाकांतरावांनी मला घेतलं. ते जयपूरला विमा कचेरीत अधिकारी, मूळचे साताऱ्याचे. रविवारी मात्र हा माणूस वेगळाच. आपल्या चार सिलिंडरच्या जुन्या मोटारीची मागची सीट काढून त्यांनी ती शर्यतीसाठी हलकी केली होती. दुकानदारानं दोन टॅकोमीटर पुढं ठेवले. दुसऱ्याचे आकडे बारीक, माझे ठसठशीत. "धावत्या गाडीत एका नजरेत वाचता यायला हवं," असं म्हणून त्यांनी मला उचललं. तोंड निरखून पाहिलं, पाठ पाहायचं कुणालाच सुचलं नाही. पाठीवर एक बारीक ओळ कोरलेली होती.

तोवर त्यांचा टॅकोमीटर म्हणजे भंवरलाल मिस्त्री. जयपूरच्या चांदपोल दरवाजाबाहेर त्याचं गॅरेज होतं. सरावाला तो शेजारी बसायचा, डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि गिअर बदलायची वेळ झाली की साहेबांच्या गुडघ्यावर टिचकी मारायचा. पण शर्यतीत शेजारी कुणाला बसू देत नसत, म्हणून माझी गरज पडली. मला बसवलं मिस्त्रीनंच. पाच हजारांपुढं ते इंजिन टिकणारं नव्हतं, म्हणून त्या आकड्यावर त्यानं तांबडी रेघ ओढली. ती रेघ अगदी वर यावी म्हणून मला जरा तिरपं फिरवून पक्कं केलं. फार मायेनं केलं हो त्यानं.

दुर्गापुऱ्यापलीकडच्या माळावर पहिला सराव झाला. गुडघ्यावर टिचकी पडली तेव्हा माझा काटा जेमतेम बत्तीसशेवर होता.

"मिस्त्रीजी, अभी तो अठारह सौ बाकी हैं!" उमाकांतराव हसले.

"साहब, इंजन चीख रहा है."

"काँटा देखो, काँटा!"

मिस्त्रीनं काटा पाहिला. पुन्हा ऐकलं. कानात करंगळी घालून हलवली. त्यानंतर त्यानं कधी टिचकी मारली नाही. साठी उलटलेल्या माणसाला तुझे कान गेले म्हणून पटवायला मला अर्धा फेरासुद्धा लागला नाही.

शर्यतीच्या दिवशी काटा चव्वेचाळीसशेवर असताना धाडकन आवाज झाला. आतला रॉड तुटून इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. साहेब वाचले, इंजिन गेलं.

"काँटा तो लाल तक गया ही नहीं," ते तणतणत म्हणाले. "मतलब बोल्ट ही ढीला रह गया होगा."

मिस्त्री आपल्या तळव्यांकडे बघत राहिला. "होगा, साहब. कान तो गए ही थे, अब हाथ भी गए."

त्यानं गॅरेज बंद केलं. आता तो भाच्याच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो. पंक्चर काढायला कान लागत नाहीत.

उमाकांतरावांनी मला मोडक्या गाडीतून काढून घरी नेलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. तेव्हा कुठं त्यांनी ती ओळ वाचली. 'फक्त सहा सिलिंडरसाठी.' सहा सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्याला तीन ठिणग्या देतं, चारचं दोनच. मी आपला इमानानं तीननं भागत होतो. मी चव्वेचाळीसशे दाखवले तेव्हा खरे सहासष्टशे होते. आणि ती टिचकी पडली होती अठ्ठेचाळीसशेला, तांबड्या रेघेच्या अगदी अलीकडे. मिस्त्रीचा कान तसूभरही चुकला नव्हता.

"अहो, मग आत्ताच्या आत्ता जा आणि सांगा त्यांना," त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"जातो," साहेब म्हणाले. त्या जातोला दोन वर्षं झाली.

आता नागपूरला बदली झाली. काल सामान बांधताना बाईंनी मला ट्रंकेत ठेवलं नाही, नवऱ्याच्या हातात दिलं. मला खिशात घालून ते चांदपोलला गेले.

मिस्त्री ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. "मामाजी, साहब आए हैं!" भाचा त्याच्या कानाशी केवढ्यानं तरी ओरडला. मिस्त्री हात पुसत उठला.

"साहब, वह काँटेवाली घड़ी सँभाल के रखी है न? सच्ची चीज़ है. मेरे जैसी नहीं."

खिशात साहेबांची बोटं माझ्या पाठीवरच्या ओळीवरून फिरत होती. मला वाटलं, आता काढतील. आता तरी काढतील.

"हाँ, मिस्त्रीजी," ते म्हणाले. "रखी है."

आणि आम्ही परत आलो.

आज मी ट्रंकेत पालथा पडलोय. थोड्या वेळानं सामान निघेल. मला तोंड आहे, पण काट्याशिवाय बोलता येत नाही, आणि काटा जे बोलला ते तुम्ही ऐकलंच. तुम्ही कधी चांदपोलकडे गेलात, तर सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात धरून बसलेला एक म्हातारा दिसेल. त्याच्याशी ओरडून बोलू नका. त्याला सगळं नीट ऐकू येतं. तेवढं मात्र त्याला सांगा.