उद्यावर राहिलेली शिट्टी

मित्रांनो, मी जेमतेम दोन विती लांबीचं, पितळेचं आणि पत्र्याचं इंजिन आहे. खऱ्या इंजिनासारखा मी कोळसा खात नाही. रुळांतून वीज येते आणि माझी चाकं फिरतात. माझा आवाज, माझा धूर, सगळं पोटातल्या सर्किटची करामत. मुठा गावात, विश्रामअप्पांच्या घरी, काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. शेजारी स्टीलच्या ताटांचा सेट आहे, तोही कधी बाहेर निघत नाही.

अप्पा दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फायरमन होते, इंजिनात कोळसा टाकणारे. निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी मला घडवून त्यांच्या हातात दिलं. तेव्हा मी ठार मुका होतो. अप्पा मला ओसरीवर गोल रुळांवर फिरवत आणि तोंडानंच 'कूऽऽ' करत. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई म्हणत, "म्हातारपणी पोर झालं बगा तुमाला!"

त्यांची खरी पोर जुईली तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. १९९८च्या दिवाळीत तिनं माझं पोट पहिल्यांदा उघडलं. दाराच्या घंटीतलं सर्किट आत बसवलं आणि चिमणीत एक तापणारी तार आणि तेलात भिजवलेली वात घातली. तिनं कळ दाबली आणि मी केकाटलो. अप्पा पोट धरधरून हसले.

"अगं, ही पीठगिरणी हाय! आन् धूर बग, उदबत्तीवानी सरळ चाललाय. इंजान धापा टाकतं, पोरी."

"मग खरी शिट्टी कशी होती, अप्पा?"

"ते सांगता येत न्हाई. ऐकली की कळंल. तू पाळण्यात व्हतीस तवा आमची गाडी क्वार्टरवरनं जायची. मी शिट्टी दिली की तू रडायची गप व्हायचीस."

जुईलीनं ते फारच मनावर घेतलं. पुढे ती हिंजवडीत नोकरीला लागली, भूगावात राहू लागली, पण रविवारी हत्यारांची पेटी घेऊन मुठ्यात हजर व्हायची. माझं पोट किती वेळा उघडलं याची मोजदाद नाही. एकदा तिनं परदेशी इंजिनाचा आवाज असलेली चिप बसवली. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "ग्वाड हाय, पर सायबाची हाय. आपली न्हाई." जुईली रुसली, न जेवता गेली आणि पुढच्या रविवारी पुन्हा आली. तिला अप्पांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, 'हीच'. मलाही तोच हवा होता.

अशी वर्षं गेली. २००९ साली अप्पांच्या छातीनं दगा द्यायला सुरुवात केली आणि ते खाटेला खिळले. मग जुईली दूर कुठंतरी जाऊन आली. अप्पांच्या इंजिनाच्याच जातीचं एक इंजिन तिथं हौसेखातर अजून चालवतात. त्याची शिट्टी तिनं टेप करून आणली आणि नव्या सर्किटमध्ये भरली. चाक फिरेल तशी छुकछुक आणि चिमणीखाली इवलासा पंखा, म्हणजे प्रत्येक छुकेसरशी धुराचा एकेक गोळा बाहेर. भूगावच्या तिच्या खोलीत मी खरोखर धापा टाकल्या. इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

ती मला घेऊन मुठ्यात पोचली तो दिवस खंडेनवमीचा. अनसूयाबाईंनी विळा, कोयता, कुदळ पाटावर मांडली होती. त्यांनी मलाही त्या ओळीत बसवलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. जुईली रूळ जोडू लागली तसा अप्पांनी खाटेवरून हात वर केला.

"आज न्हाई. पुजलेलं हत्यार आज चालवायचं नसतं."

"अप्पा, एकच शिट्टी!"

"रेल्वेत हारासकट इंजान बाहेर काढावं लागायचं. एकदाबी पाळाया गावलं न्हाई. आता तरी पाळू दे. उद्या दसरा. सोनं वाटलं की ऐकू."

"बरं, उद्या," जुईली हसून म्हणाली. मीही हार घालून गप्प बसलो.

सकाळी अनसूयाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा अप्पा गेलेले होते.

माणसं जमू लागली. जुईलीनं मला उचललं, अप्पांच्या उशाशी ठेवलं आणि तारा जोडू लागली. "पोरीचं डोस्कं फिरलं," कुणीतरी पुटपुटलं. अनसूयाबाई एवढंच म्हणाल्या, "वाजव." मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून शिट्टी दिली. धुराचे गोळे अप्पांच्या चेहऱ्यावरून गेले.

"आई, हीच होती का गं?"

"मला कसं कळावं, बाय? मी चुलीपाशी असायची. एवढंच ठावं, ती वाजली की तू रडायची थांबायचीस."

आज मात्र जुईली रडायची थांबली नाही.

त्यानंतर तिनं माझं पोट उघडलं नाही. चिमणीतली वात कोरडी पडली आहे. यंदाच्या खंडेनवमीला अनसूयाबाईंनी मला पुसलं, फूल वाहिलं आणि परत कपाटात ठेवलं. निगा म्हणाल तर काही कमी नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना हार घाला, नका घालू. पण तुमच्या घरात कुणी काही ऐकायची वाट पाहत असेल, तर त्याला ते आजच ऐकवा. सणवार असला तरी ऐकवा. माझी शिट्टी अजून माझ्या पोटात आहे. ती बरोबर होती की चुकीची, हे सांगणारा कान मात्र आता कुठंच नाही.