त्रेचाळीस नंबरचा बिल्ला

मित्रांनो, जरा जवळ या. काचेला नाक लावलंत तरी चालेल, पहारेकरी आत्ता खाली आहे. या दालनात येणारे सगळे ती मोठी लाकडी नाव बघतात आणि माझ्या पेटीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मी एक जुना पितळी बिल्ला आहे. माझी गोष्ट फार लांब नाही. शिवाय आज मला ती घाईने सांगायची आहे.

आम्ही साठ भावंडं एकाच पत्र्यातून कापली गेलो. आकडे ठोकणाऱ्या कारागिराला नेमकी माझ्या वेळी शिंक आली आणि माझा चार कलंडला. तेव्हापासून भावंडं मला ‘वाकड्या’ म्हणून चिडवत. मी ते कधी मनावर घेतलं नाही, असं म्हणालो तर ते खोटं ठरेल.

संग्रहालयाच्या दाराशी सामान ठेवायची खोली होती. आत साठ खण आणि भिंतीवर साठ खिळ्यांचा लाकडी फळा. लोकांनी पिशवी खणात ठेवायची, त्या खणाचा बिल्ला घ्यायचा आणि परत जाताना तो देऊन पिशवी सोडवायची. लोक मला टोकन म्हणत. खोली सांभाळणारे काका मात्र बिल्लाच म्हणत आणि दर आठवड्याला आम्हाला चिंच लावून लख्ख करत. हातांची मला चांगली पारख झाली. खाऊ खाल्लेले चिकट हात, थंडीत काकडलेले हात, उन्हाळ्यात घामाने निथळणारे हात. घामट हाताचा मला कंटाळा येई, पण तेव्हा मला अक्कल नव्हती.

काकांचा एक नियम होता. बंद करायच्या वेळी ते फळ्यासमोर उभे राहत आणि बोटाने खिळे मोजत. एक खिळा रिकामा म्हणजे एक माणूस आत. साठ भरेपर्यंत ते पहारेकऱ्याला किल्ल्या देत नसत. सव्वीस वर्षं फळा एकदाही चुकला नाही. त्यामुळे सगळे निर्धास्त झाले होते, आणि सगळ्यात निर्धास्त काकाच होते.

त्या वर्षी उन्हाळा भलताच कडक होता. उन्हापायी संग्रहालय दुपारी दोनलाच बंद करायचा हुकूम निघाला होता. एके दिवशी सकाळी माझी कडी ढिली झाली. काकांनी मला उतरवलं आणि मोजणी चुकू नये म्हणून माझ्या खिळ्यावर पुठ्ठ्याचा एक तुकडा अडकवला. त्यावर त्यांनी पेन्सिलीने त्रेचाळीस लिहिलं होतं. सकाळभर निवांत वेळ मिळेना. बारा वाजता कुठे ते पक्कड घेऊन माझी कडी आवळायला बसले.

तेवढ्यात एक मुलगी आली. पाठीवर तिच्याहून मोठी पिशवी, नाक उन्हाने सोललेलं, चपला धुळीने माखलेल्या.

“एकटीच फिरतेस?” काकांनी विचारलं.

“हो काका. सकाळपासून दोन संग्रहालयं झाली, हे तिसरं.”

“या उन्हात? घरचे काही म्हणत नाहीत?”

“दादा म्हणतो ना, रोज म्हणतो. म्हणून तर दोनच्या ठोक्याला त्याला फोन करावा लागतो. नाही केला तर तो आकाशपाताळ एक करेल.”

“पाण्याची बाटली आत नेता येणार नाही हं. फोनही इथेच ठेव, फोटोला बंदी आहे.”

“पण काका, पाणी तरी...”

“पहिल्या मजल्यावर कूलर आहे की!”

तिने बाटली आणि फोन मुकाट्याने पिशवीत कोंबले. काकांनी पिशवी त्रेचाळीसच्या खणात सरकवली आणि हातातला मी तसाच तिच्या हातात दिला. पुठ्ठा खिळ्यावरच राहिला. मला ते दिसलं. मी तिच्या मुठीतून फळ्याकडे बघत राहिलो, पण पितळेच्या तुकड्याने ओरडायचं तरी कसं?

पहिल्या मजल्यावरच्या कूलरचा नळ तिने दोनदा पिळला. थेंबही आला नाही. “जाऊ दे, तासाभराचा तर प्रश्न,” असं स्वतःशीच म्हणत ती वर गेली. नाणी बघितली, तलवारी बघितल्या, एका राणीच्या फुटक्या नाकाला हसलीही. मग ती या तिसऱ्या मजल्यावर आली. तेव्हा इथे वर नुसते पत्रे होते आणि खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. दालन भट्टीसारखं तापलं होतं. तिने नावेभोवती एक फेरी मारली, दुसरी अर्ध्यावर सोडली आणि नावेच्या मागे भिंतीला टेकून खाली बसली.

तोवर तिचा तळवा घामाने चिंब होता. थोड्या वेळाने तो कमी ओला वाटला. मग कोरडा. मग कोरडा आणि कढत. मित्रांनो, इतक्या वर्षांत असा हात मी पाहिला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा घामाची किंमत कळली आणि मी मनापासून घाबरलो.

“दादा, पाणी दे ना,” ती पुटपुटली. समोर दादा नव्हता, नाव होती.

खाली घंटा झाली. पहारेकरी दोन जिने चढला आणि तिथूनच ओरडला, “कोणी आहे का वर?” तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नावेला एक लोखंडी कडं आहे, बघा, त्या डाव्या बाजूला. तिने मला मुठीत धरून त्या कड्यावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी जीव खाऊन वाजलो. पण पहारेकऱ्याची पावलं खाली उतरत गेली. खाली जिन्याचं दार ओढलं गेलं आणि बाहेरून कडी पडली.

पुढचं मला नंतर काकांच्या तोंडून कळलं. ते हे ज्याला त्याला सांगत, स्वतःला शिक्षा केल्यासारखे. त्यांनी फळा मोजला. एकोणसाठ पितळी, एक पुठ्ठा. त्रेचाळीस दुरुस्तीला काढलाय, टेबलाच्या खणात पडलाय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

“भरले साठ,” ते म्हणाले.

“बघा! तुमचा फळा असताना मी उगाच जिने कशाला झिजवू?” पहारेकरी हसला आणि त्याने किल्ल्या घेतल्या.

काका खोलीचं दार ओढत होते, तेवढ्यात आत फोन वाजला. वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा. त्यांनी कुरकुरत पिशवीच्या कप्प्यातून तो काढला.

“माझी बहीण कुठे आहे?” पलीकडून दादाचा आवाज आला.

“ती इथे नाही. पिशवी राहिलीय फक्त.”

“पिशवी आहे आणि ती नाही? काका, पाण्याशिवाय ती कुठे जाईल?”

काकांनी टेबलाचा खण उघडला. त्यात पक्कड होती, मी नव्हतो. मग त्यांनी फळ्याकडे पाहिलं. गुडघे दुखतात म्हणून पाच वर्षांत पहिला मजलाही न चढलेला तो माणूस पहारेकऱ्याला हाका मारत तिसऱ्या मजल्यावर धावत आला.

तिची मूठ काही केल्या उघडेना, म्हणून तिच्याबरोबर मीही दवाखान्यात गेलो. नर्सबाईंनी मला नंतर एका ट्रेमध्ये ठेवलं. तिथूनच मी डॉक्टरांना दादाशी बोलताना ऐकलं. उष्माघातात घामच थांबतो, अर्धा तास आणखी गेला असता तर हातात काही उरलं नसतं, असं ते म्हणाले. दादा भिंतीकडे तोंड करून रडला.

पंधरा दिवसांनी ती स्वतः मला परत करायला आली. अंगात ताकद नव्हती, दादाने दंडाला धरलं होतं. तोवर काकांनी माझा खिळा रिकामा ठेवला होता आणि रोज बंद करताना एकोणसाठ मोजून ते थांबत. त्यांनी मला माझ्या खिळ्यावर अडकवलं. “पोरी, चूक माझी होती,” ते म्हणाले. ती म्हणाली, “तुम्ही वर आलात ना काका!” त्या दिवसापासून फळा भरलेला असला तरी ते रोज वरपर्यंत जिना चढून दालन बघून येत. गुडघ्यांची तक्रार त्यांनी पुन्हा केली नाही.

मग काका निवृत्त झाले. लोखंडी कपाटं आली, ती आकड्यांच्या बटणांनी उघडतात. फळा अडगळीत गेला, भावंडं भंगारात गेली. मी तेवढा नमुना म्हणून या मखमलीवर दोन खिळ्यांनी ठोकला गेलो. आता मला हलता येत नाही, वाजताही येत नाही. बंद करायच्या वेळी एखादं कपाट उघडलंच नाही, तर ‘उद्या बघू’ म्हणतात. माणसं कोणी मोजत नाही.

आता घाई का, ते ऐका. आज दुपारी एक आजोबा एकटेच वर आले. नावेभोवती फिरले आणि तिच्या मागे जाऊन बसले. माझ्या पेटीतून त्यांचा एक हात दिसतो. आधी त्या हातात रुमाल होता, ते सारखा घाम पुसत होते. बऱ्याच वेळापासून रुमाल जमिनीवर पडलाय आणि हात तो उचलत नाही.

खाली घंटा झाली. तुमच्या बाई तुम्हाला जिन्यापाशी रांगेत उभं करतायत, त्यांना बसची घाई आहे. पहारेकरी दोन जिने चढेल आणि तिथूनच ओरडेल. मित्रांनो, माझी काच पुसू नका, माझं कौतुकही करू नका. आधी त्या नावेच्या मागे जा. त्यांचा हात हातात घेऊन बघा, आणि तो कोरडा लागला तर बाईंना मोठ्याने ओरडून सांगा, वर एक माणूस आहे.