डोळे बंद, कान बंद, मग हात

माझ्या प्रयोगशाळेत नियम एकच, आणि तो दारावर लावलेला होता: डोळे बंद, कान बंद, मग हात. हँडल धरण्याआधी डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि एकसुरी खरखर ऐकवणारे हेडफोन कानाला लावायचे. पाहुणा असो की कुलगुरू, सूट नाही. यावरून लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

शेजारच्या खोलीत यंत्रमानवाचं एक बोट सिलिकॉनच्या मऊ गादीवर दाबतं. गादीत कुठेतरी वाटाण्याएवढी कडक गाठ लपवलेली असते. इकडे तुम्ही हँडल हलवलं की तिकडे बोट हलतं, आणि बोटाला जे लागतं ते हँडलमधल्या मोटरी तुमच्या हाताला कळवतात. यंत्राच्या हातांनी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला सगळं दिसतं, पण लागत काहीच नाही. ते लागावं म्हणून मी बावीस वर्षं डोकं फोडतेय.

नियम मात्र आईमुळे आला. आई शिंपीण. अंधारात बोटं फिरवून कापडाचा पोत सांगायची. अकरा वर्षांपूर्वी माझा एक शोधनिबंध छापून आला, लोक माझ्या हँडलवर पाच प्रकारचा कडकपणा बिनचूक ओळखतात असा. कौतुकाने आईला लॅबमध्ये आणलं. तिचं कानातलं यंत्र शिट्टी वाजवत होतं म्हणून तिने ते काढून पर्समध्ये टाकलं, हँडल धरलं आणि पाचही उत्तरं चुकली.

"यात काही लागत नाही गं," ती म्हणाली.

मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. कडकपणा वाढला की मोटरीचा आवाज बारीक व्हायचा. लोक हाताने ओळखतच नव्हते, कानाने ओळखत होते. मी निबंध स्वतःहून मागे घेतला. बढती गेली ती गेलीच.

आता या वर्षी तीन जणांची समिती येणार होती. पसंती मिळाली तर मला प्राध्यापकपद, पाच वर्षं लॅब आणि माझ्या विद्यार्थिनीची पीएचडी सुरळीत. नाही मिळाली तर खोली विभागप्रमुखांच्या नव्या कॅमेरा-विभागाला. विद्यार्थिनीला आम्ही 'शंका' म्हणतो, कारण तिला दर दहा मिनिटांनी एक येते. विभागप्रमुखांना पोरं 'इस्त्रीसर' म्हणतात. सुरकुती दिसली की त्यांचा जीव वरखाली होतो.

त्या दिवशी सकाळी नऊला जळका वास आला. हँडलमधल्या मोटरींना वीज पुरवणारं सर्किट-कार्ड जळालं होतं. नवीन यायला चार दिवस. पाहुणे अकराला.

"हँडल हलवलं की बोट हलतंय ना? पडद्यावर गादी दिसतेय ना?" इस्त्रीसरांनी विचारलं.

"हलतंय, दिसतंय. पण हाताला काही लागत नाही, सर."

"कोणाला कळणार आहे? आणि त्या पट्ट्या-बिट्ट्या आत ठेवा. पाहुण्यांचे डोळे बांधणं बरं दिसत नाही."

मी तोंड उघडलं. मग शंकाकडे बघितलं. तिची चार वर्षं त्या हँडलला टांगलेली होती. मी तोंड मिटलं. पट्ट्या त्यांनीच खणात टाकल्या. हे लिहिताना आजही मला स्वतःचा राग येतो.

समितीत एक सर्जन बाई होत्या. त्यांनी हँडल धरलं, पडद्यावर नजर रोखली. बोट गादीवर फिरत होतं, गादी खाली दबत होती. एका जागी ती दबेना.

"वा! लागली गाठ," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी स्पष्ट लागली!"

टाळ्या पडल्या. इस्त्रीसरांचा चेहरा उजळला. शंका टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, एकटक, नेहमीची शंका विचारायच्या आधी बघते तशी. पण या वेळी तिने काही विचारलं नाही. तेच मला सहन झालं नाही.

"डॉक्टर," मी म्हणाले, "मोटर बंद आहे."

त्या हसल्या. त्यांना वाटलं गंमत करतेय. मी खणातून पट्टी काढली. "नियम दारावर लिहिलाय. मघाशी आम्हीच मोडला. आता परत शोधा."

"मॅडम, वेळ कमी आहे," इस्त्रीसर म्हणाले.

"दोन मिनिटं लागतील, सर."

डॉक्टरांनी डोळे बांधले, हेडफोन लावले. हँडल फिरवलं. पुन्हा फिरवलं. बोट तिकडे थेट गाठीवर दाबत होतं, ते आम्हाला पडद्यावर दिसत होतं. त्या शोधतच राहिल्या. शेवटी त्यांनी पट्टी वर सरकवली.

"मग मघाशी मला काय लागलं?"

"तुम्हाला दिसलं. हात डोळ्यांचं ऐकतो. यात तुमची चूक नाही, सगळ्यांचंच असं होतं."

"मी रोज पडद्यावर बघून ऑपरेशन करते," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत बसल्या.

पाहुणे गेल्यावर इस्त्रीसरांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "अकरा वर्षांपूर्वी एकदा पायावर धोंडा मारून घेतलात, ते कमी होतं का?"

"एक पाय शिल्लक होता, सर."

आठ दिवसांत पत्र आलं. पद नाही. खोली महिनाअखेर रिकामी करावी. मी पत्र दोनदा वाचलं आणि शंकाच्या हातात दिलं.

"मॅडम, माझं काय?" शंकाने विचारलं.

"तुला प्रबंधाचं पहिलं प्रकरण आयतं मिळालंय. मोटर बंद, आणि निष्णात सर्जनचं उत्तर बरोबर. का? लाग कामाला."

आईला फोन केला. तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"परत खरं बोललीस वाटतं?"

"हो."

"बरं केलंस. जेवलीस का?"

खोली सोडताना चावी मी इस्त्रीसरांच्या टेबलावर ठेवली. दारावरचा नियम मात्र स्क्रू काढून सोबत नेला. जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांची अडगळ होती, ती शंकाने आणि मी दोन दिवसांत उपसली. हँडल बसवलं. यंत्रमानवाचं बोट आणि सिलिकॉनची गादी खुर्च्यांच्या ढिगामागे ठेवली, भिंत नव्हती म्हणून. नवं कार्ड आलं होतं, ते मी माझ्या हाताने जोडलं.

गुरुवारी दुपारी कोणीतरी वाकून आत आलं. डॉक्टर होत्या. शिपायाला विचारत विचारत आल्या होत्या.

"मला शिकायचंय," त्या म्हणाल्या. "डोळ्यांशिवाय. दर गुरुवारी वेळ काढीन. चालेल?"

मी जिन्याला लावलेल्या पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी नियम वाचला, स्वतःच पट्टी बांधली, हेडफोन लावले आणि हँडल धरलं. ढिगामागे यंत्राचं बोट गाठीवर गेलं, दाबलं, थांबलं. शंका माझ्याकडे बघत होती. डॉक्टर हेडफोनमुळे जरा मोठ्यानेच बोलल्या.

"नाही हो. काहीच लागत नाही."

बावीस वर्षांत इतकं गोड उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. मोटर मी अजून चालूच केली नव्हती.

"शाब्बास," मी म्हणाले, आणि बटण दाबलं.