खंडेनवमीचं तिसरं ताट

खंडेनवमीला आमच्या घरात कुणी शस्त्र उचलत नाही. टँकरचे पाने, विळी, कोयता आणि माझा नवरा सुखदेव याचं पिस्तूल, सगळं सकाळी पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं. सूर्य मावळून उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बाकी कसलाही धरबंध नसलेला सुखदेव ही रीत मात्र इमानाने पाळतो. म्हणून मी हाच दिवस निवडला होता.

दोन वर्षांपूर्वी माझा भाऊ राकेश टँकरखाली गेला. धायरीतल्या चोरट्या बोअरची त्याने तक्रार केली होती. दहाव्याला पाणी नव्हतं, तेव्हा सुखदेवने टँकर पाठवला, स्वतः उन्हात उभा राहिला, आईच्या पाया पडला. मी त्याच्यावर भाळले आणि वर्षाच्या आत लग्न केलं. इतकी मी हुशार. ती बोअर सुखदेवचीच होती आणि राकेशला त्यानेच मारायला लावलं, हे गेल्या महिन्यात त्याचा ड्रायव्हर गेनबा दारूच्या भरात बोलून गेला.

मी दुसरे टँकरवाले नागोराव यांना फोन केला. सिंहगड रोडवर टँकर फक्त सुखदेवचे चालायचे आणि तेच त्यांना खुपत होतं. नवमीला दुपारी दीडला तो रिकाम्या हाताने जेवायला बसेल, मागचं दार मी उघडं ठेवीन, एवढंच सांगितलं.

ताटं घेताना माझ्याकडून वरण सांडलं. सुखदेवने ते फडक्याने पुसलं.

"दमलीस," तो म्हणाला. तो असा बोलला की अजूनही मी विरघळते, आणि स्वतःचीच चीड येते.

"तिसरं ताट घे. पाहुणे हायेत," तो पुढे म्हणाला.

दीड वाजता मागच्या दारातून नागोराव आले. एकटेच, हातात पेढ्यांचा पुडा. पूजेला नमस्कार करून सुखदेवच्या शेजारी बसले. "वहिनी, उगाच त्रास दिला," म्हणाले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

सुखदेव मरणार नाही, म्हणून आधी मला सुटल्यासारखं झालं. त्याची लाज वाटली.

"निम्मा रोड त्यांना सोडला," सुखदेव भात कालवत म्हणाला. "त्यांनी तुझा फोन ऐकवला मला."

मी मागच्या दाराकडे पाहिलं. येताना नागोरावांनी कुलूप घातलं होतं.

"अहो, राकेश माझा भाऊ होता."

"माहीत हाय. म्हणून तर पाणी पाठवलं." त्याचा आवाज जराही चढला नाही. "बस, जेवून घे. आज दिवस हाय तोवर कुणी कशाला हात लावणार नाही. उत्तरपूजा तूच कर, गेल्या वर्षीसारखी."

पावणेदोन झाले होते. सूर्य सव्वासहाला मावळतो.

"वहिनी, थोडं तूप," नागोराव म्हणाले. मी वाढलं.