त्या दिवसाची मोजणी

चौदाव्या दिवशी दत्तारामने स्टोअरचं शटर वर केलं, टोपी खिळ्याला अडकवली आणि मोजायला सुरुवात केली.

बाळा शिपाई चहा घेऊन आला. महिनाभर तरी घरी बसायचं, एवढी काय घाई होती, असं काहीतरी तो बोलत होता. दत्तारामने हातानेच खूण केली, टेबलावर ठेव. मोजताना तो बोलत नसे. हातोड्या बारा. गुण्ये पंधरा. मग कानशी, मोठ्या, मधल्या, तिकोनी. प्रत्येक हत्याराला तो हात लावून मोजायचा. नुसत्या डोळ्यांनी मोजलेलं धरायचं नाही, हे तो गिरणीच्या टूलरूममध्ये शिकला होता. गिरणी संपात गेली. ही सवय तेवढी बरोबर आली.

तेरा दिवसांत स्टोअरची पार रया गेली होती. फळ्यावर प्रत्येक हत्याराची आकृती लाल रंगाने काढलेली असताना पकडीच्या जागी डिव्हायडर लटकत होता आणि छिन्न्या पान्यांच्या खणात कोंबलेल्या होत्या. ज्याची जागा त्याला देत देत तो बारीक मापं घ्यायच्या व्हर्निअरच्या लाकडी रॅकपाशी आला. तिथे सात खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेखाली एक खिळा. सहाव्या खाचेत व्हर्निअर नव्हतं. खाली खिळ्यावर पितळेचा बिल्ला होता. तेवीस नंबरचा.

दत्तारामने रिकाम्या खाचेत बोट घातलं, जणू डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. मग त्याने उरलेली मोजणी पुरी केली. दोनशे तेरा. एक कमी.

अंधेरी पूर्वेला एका ट्रस्टची ही तांत्रिक शाळा होती. साठ मुलं आणि सगळ्यांना मिळून ही हत्यारं. दत्ताराम चार वर्षांपूर्वी इथे आला तेव्हा हत्यारं एका पेटाऱ्यात पडलेली असत आणि जो आधी येई तो चांगलं उचलून नेई. बिल्ल्यांची पद्धत त्याने आणली. प्रत्येकाला त्याच्या नंबराचे पाच बिल्ले. हत्यार नेलं की बिल्ला खिळ्यावर, परत दिलं की बिल्ला हातात. संध्याकाळी मोजणी आणि रजिस्टरात एक ओळ: तारीख, नग, वेळ, सही. वेळेचा रकाना त्याने स्वतः पट्टीने आखून घेतला होता.

तेवीस नंबर सुलक्षणाचा. फिटरच्या वर्गातली ती एकुलती एक मुलगी, खारदांड्याची. होडीचं इंजिन बिघडलं की मेकॅनिकची वाट बघत बापाचा धंदा दोन-दोन दिवस बुडायचा, म्हणून घरात कुणीतरी हे शिकायचं ठरलं आणि भाऊ नव्हता म्हणून ती आली. पहिल्या आठवड्यात मुलं तिला पापलेटचा भाव विचारायची. तिने एकदाच उत्तर दिलं, "तुला नाय परवडायचं." पुन्हा कोणी विचारलं नाही.

दत्तारामने त्याच तासाला वर ऑफिसात जाऊन कळवलं. दुपारपर्यंत अधीक्षक चंद्रप्रकाश सामंत यांनी सगळं जुळवूनही टाकलं होतं.

सामंत वाईट माणूस नव्हते. दत्तारामची बायको शेवंती गेली तेव्हा ते वाकोल्याला घरी आले होते, स्मशानात शेवटपर्यंत थांबले होते. आताही त्यांनी दत्तारामला खुर्ची दिली आणि पंखा वाढवला. मग म्हणाले की गोष्ट सरळ आहे. बिल्ला खिळ्यावर म्हणजे हत्यार बाहेर, हा नियम दत्तारामचाच. मुलीने व्हर्निअर घेतलं, तेवढ्यात घरचा फोन आला, दत्ताराम हातातलं टाकून धावला, मोजणी राहिली आणि वस्तू गेली. रजिस्टरात त्या दिवसाची ओळ कोरीच आहे. यापूर्वी तीनदा फोन आला तेव्हाही तो असाच धावला होता, त्याही ओळी कोऱ्या आहेत. त्यात गैर काही नाही.

"तुम्हाला कोणी बोल लावणार नाही," सामंत म्हणाले. "असा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. तुमचं लक्ष कुठून असणार त्या दिवशी?"

दत्ताराम खुर्चीत पुढे सरकला.

"लक्ष होतं, साहेब."

"असेल हो. पण माणूस आहे शेवटी."

गेले तेरा दिवस हेच चाललं होतं. दूधवाल्याला जास्तीचे सुटे पैसे गेले, तुमचं लक्ष नसेल. नळाखाली बादली भरून वाहिली, राहू दे, लक्ष कुठे आहे त्यांचं. बायको गेलेल्या माणसाला डोळे, कान, हात काहीच नसतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याला त्या दयेचा वीट आला होता.

"तेरा दिवस किल्ली कुणाकडे होती?" त्याने विचारलं.

सामंतांनी टेबलावरचे कागद एकसारखे केले. वाकोल्याहून मागवून घेतलेली किल्ली त्यांच्याच खणात होती. कामं अडायला लागली तेव्हा बिल्ले वगैरे काही पाहिलं नाही, ज्याला लागलं त्याने घेतलं. पण ते सगळे आपलेच लोक, असं ते म्हणाले. मग म्हणाले की मुलीने दोन ओळी लिहून द्याव्यात, चुकून नेलं आणि हरवलं. प्रकरण मिटेल. ती नाही म्हणते. दहा दिवसांवर परीक्षा आहे आणि स्टोअरकीपरची नो-ड्यूजवर सही नसेल तर तिला हॉल तिकीट मिळणार नाही. "तुम्ही समजवा तिला. तुमचं ऐकेल."

दत्ताराम जिना उतरून खाली आला. कानशींच्या रांगेपुढे उभा राहून, सरळ असलेल्या कानशी तो पुन्हा सरळ करत राहिला.

सुलक्षणाने व्हर्निअर परत दिलं होतं. ते त्याला पक्कं ठाऊक होतं. तिने ते फडक्याने पुसून त्याच्या हातात दिलं, त्याने ते सहाव्या खाचेत ठेवलं आणि खिळ्यावरचा बिल्ला काढायला हात नेला, इतक्यात बाळा ओरडत आला की ऑफिसात फोन आहे. फोन त्याच्या मुलीचा, सुहासिनीचा होता. मुलगी चार दिवस माहेरपणाला आली होती. आईला पुन्हा धाप लागली आहे, हॉस्पिटलात नेतोय, तुम्ही या. भिंतीवर चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पुन्हा, असं ती म्हणाली होती. त्या वर्षात तीन वेळा असा फोन आला होता आणि तिन्ही वेळा तो ऊर फुटेस्तोवर धावला होता. तिन्ही वेळा शेवंती खाटेवर उठून बसलेली सापडली. तिसऱ्या वेळी तर त्याची दशा बघून तिला हसू आलं होतं. "धावत इलात? हत्यारां तरी मोजलात मां?"

म्हणून चौथ्या वेळी त्याने मोजली. पाच मिनिटं लवकर उरकू म्हणून सुरुवात केली, मग हात नेहमीच्याच चालीने चालले. मोजून होईपर्यंत आपण पोहोचू तेव्हा ती बसलेली असेल, असंही काहीतरी त्याच्या मनात होतं. दोनशे चौदा भरली. व्हर्निअर सात. रजिस्टर उघडून तो वेळेच्या रकान्यापर्यंत आला आणि घड्याळाकडे बघितलं. पाचाला दहा कमी. त्याने पेन खिशाला लावलं, रजिस्टर मिटलं, शटरला कुलूप घातलं आणि निघाला.

शेवंती साडेपाचला गेली. तो पावणेसहाला पोहोचला. सुहासिनीने विचारलं, बाबा, बस मिळाली नाही का. तो काही बोलायच्या आत शेजारचे काशीरामकाका म्हणाले, "त्या रस्त्यार काय, गर्दी असताच." दत्तारामने मान डोलावली.

तेवढंच. त्याने मान डोलावली होती.

चारच्या सुमाराला सुलक्षणा खिडकीशी आली. तिने चार बिल्ले एकावर एक रचून लाकडी फळीवर ठेवले.

"हे घ्या मामा. पाचवा तुमच्या खिळ्यावरच आहे."

"ठेव तुझ्याजवळ. परीक्षेला लागतील."

"कसली परीक्षा? साहेबांनी दुपारीच आई-बाला बोलावलं. आई म्हणते, दे लिहून. बा म्हणतो, दे लिहून. साहेबांनी तुम्हाला पण पाठवलं असेल. म्हणा, तुम्ही पण म्हणा."

"मी नाही म्हणत. तू परत दिलंस ते मला माहीत आहे."

"माहीत आहे तर सांगा ना मग वर जाऊन."

दत्तारामने एक गुण्या उचलला, कापडाने पुसला, परत टांगला. "माझं कोण धरणार? फोन आला आणि मी गेलो. पुढचं मला काय माहीत, असंच म्हणणार ते."

सुलक्षणाने एकदा वर्कशॉपाकडे बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "फोनवरून परत आलात ना पण तुम्ही."

त्याचा हात थांबला.

"मी इथेच होते. बिल्ल्यासाठी थांबले होते. तुम्ही मोजायला लागलात. तुमचं तोंड बघून मागितला नाय मी. घंटा झाली तरी मोजत होतात. मग मी गेले."

"हे साहेबांना सांगितलंस?"

"नाय."

"का? तुझं वर्ष जातंय आणि..."

"तुमच्या घरातलं आहे ते," ती म्हणाली. "माझ्या तोंडून कशाला?"

ती वळून वर्कशॉपात गेली. फळीवरचे बिल्ले तिने नेले नाहीत.

ही मुलगी चौदा दिवस ते घेऊन फिरत होती. वरच्या ऑफिसात तिला चोर म्हटलं गेलं, घरच्यांनी दटावलं, एका वाक्यात ती सुटली असती. खांद्यावर असं ओझं घेऊन तिने आपल्याला झाकलं, आणि आपण मात्र सरळ कानशी सरळ करत बसलो. त्याने रजिस्टर काखेत मारलं, नो-ड्यूजचा एक फॉर्म खिशात घातला, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि जिना चढला.

सामंत दोन कारकुनांशी बोलत होते. दत्तारामने विचारलं नाही. रजिस्टर त्यांच्यापुढे उघडलं, कोरी ओळ आली तसं खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. सर्व नग २१४ हजर. व्हर्निअर नं. ६ हजर. वेळ ४-५०. खाली आजची तारीख घालून लिहिलं: ही ओळ आज भरली. मग सही केली.

"हे काय?" सामंत म्हणाले. "मागची ओळ आज कशी भरता?"

"आज भरली असं लिहिलंय की. फोन चार-दहाला आला. मी चार-पन्नासला कुलूप घालून निघालो. मधली चाळीस मिनिटं मी मोजत होतो. व्हर्निअर सहा नंबरला मी या हाताने शिवलो आहे. बिल्ला द्यायचा माझ्याकडून राहिला. मुलीकडून काही राहिलं नाही."

बाहेरच्या खोलीतल्या टाइपरायटरचा आवाज बंद झाला. दोघा कारकुनांपैकी एकजण खिडकीबाहेर बघायला लागला.

"घरून निरोप आला आणि तुम्ही..." सामंत म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला होता. "दत्ताराम, कशाला असलं लिहून ठेवता? चार माणसं वाचतील. तुमच्याबद्दल काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"तुमचं दुःख ताजं आहे. दोन दिवस जाऊ द्या, मग शांतपणे..."

"साहेब, माझं दुःख या पोरीच्या नावावर टाकू नका." त्याने खिशातून नो-ड्यूजचा फॉर्म काढला, सामंतांच्याच टेबलावर ठेवला आणि सही केली. "मोजणी झाली होती. मी जायला हवं होतं तेव्हा झाली, पण झाली होती."

सामंत ओळीकडे बघत राहिले. ते काय वाचत होते ते त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं.

"म्हणजे तुम्ही म्हणता की वस्तू माझ्या ताब्यात असताना गेली."

"मी माझ्या दिवसाचं लिहिलं. खालच्या तेरा ओळी कोऱ्या आहेत. त्या माझ्या नाहीत."

त्याने रजिस्टर तिथेच ठेवलं आणि तो खाली आला. खिळ्यावरचा तेवीस नंबरचा बिल्ला काढून फळीवरच्या चारांत ठेवला, पाच पुरे केले आणि सुलक्षणाला बोलावून तिच्या हातात दिले. फॉर्मही दिला. तिने सही बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. एक मधली कानस मागितली आणि एक बिल्ला पुढे केला.

दुसऱ्या दिवशी शाळाभर झालं होतं. मास्तर लोक जिन्यात भेटले की नजर चुकवत. बाळाने आठवडाभर चहा आणून मुकाट्याने ठेवला आणि मग न राहवून विचारलं की काका, खरंच का हो. दत्ताराम म्हणाला, खरंच. लक्ष नसेल तुमचं, असं मात्र त्यानंतर त्याला कोणी म्हणालं नाही.

सुलक्षणा परीक्षेला बसली. व्हर्निअर सापडलं नाही. रजिस्टर खाली परत आलं तेव्हा त्या तेरा ओळी कोऱ्याच होत्या. सामंतांनी त्यांवर एक तिरकी रेघ मारली होती, सही केली नव्हती. दत्तारामने रेघेखाली नवी तारीख घालून पुढची मोजणी लिहायला घेतली. नग दोनशे तेरा.

सुहासिनी दर रविवारी कांदिवलीहून येते. डबा आणते, आईच्या साड्या उन्हात घालते, चार वाजता निघते. दत्ताराम तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला जातो. त्या चाळीस मिनिटांचं तिला सांगायचं अजून राहिलं आहे.